टाकाऊ यंत्र आणि अग्रपूजेचा हव्यास

‘ॲसिड हाऊस’ या नृत्यसंगीताचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरात, ऐंशीच्या दशकात झाला, असे त्या संगीताचे इतिहासकार सांगत आले आहेत. २०१० साली या सांगण्याला धक्का बसला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून उभे आयुष्य काढलेल्या चरणजित सिंग यांची १९८२ मधील एक विस्मृत ध्वनिमुद्रिका त्या वर्षी एडो बाउमन या डच संग्राहकाने पुन्हा प्रसिद्ध केली. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हे तिचे नाव. भैरव, ललित, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस असे दहा राग, खाली डिस्कोचा ठेका, आणि तबला-तंबोरा काहीही नाही. सारे काही विजेच्या यंत्रांवर. ऐकणारे थक्क झाले. शिकागोच्या मुलांनी ज्या यंत्रातून वळवळणारा, चिकट, ओला आवाज काढला आणि १९८७ मध्ये तबकडीवर आणला, तेच यंत्र आणि जवळपास तोच आवाज येथे पाच वर्षे आधी होता. काहींना ही बनवाबनवीच वाटली. ती बनवाबनवी नव्हे हे ठरल्यावर निवाडा झाला : ॲसिड हाऊसचा खरा जनक भारतीय आहे. हे वाक्य आपल्याकडे फार गोड लागले. आजही लागते.

मी या वाक्याच्या विरोधात लिहीत आहे. चरणजित सिंग यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांची मुद्रिका चांगली आहे आणि ज्याने ऐकली नसेल त्याने ती अवश्य ऐकावी. परंतु कलाकृतींच्या तारखा एकमेकींशेजारी मांडायच्या आणि जिची तारीख आधीची तिला अग्रपूजेचा मान द्यायचा, याला समीक्षा म्हणता येत नाही; ती तलाठ्याच्या दप्तरातील फेरफाराची नोंद झाली. फेरफाराच्या एका नोंदीने जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हातात जाते, हे या वाचकांना मी सांगायला नको. येथे ती जाते शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील मुलांच्या हातून.

कृष्णवर्णीय अमेरिकेशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नावच तिकडून आले. तेथील कथा-कविता आपण वाचल्या, शिकवल्या. ब्लूज आणि जाझ यांचा उल्लेख आपल्या लेखांतून येत राहिला. मात्र ऐंशीनंतर तेथील वस्त्यांतील पोरे काय वाजवीत होती तिकडे आपले कान फारसे गेले नाहीत. कदाचित त्या संगीताला शब्द नव्हते म्हणून. शब्दांवाचून केलेला नकार आपल्याला चटकन ओळखू येत नाही.

प्रथम यंत्राची हकीकत सांगितली पाहिजे, कारण सारा वाद त्याच्याभोवती आहे. जपानच्या रोलँड कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या अगदी आरंभी ‘टीबी-३०३’ नावाची एक रुपेरी पेटी बाजारात आणली. ताडाओ किकुमोतो या अभियंत्याने तिची रचना केली. हेतू साधा होता : साथीला बेस गिटार वाजवणारा माणूस नसेल तर एकट्या गिटारवादकाने ही पेटी सुरू करावी आणि सराव करावा. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. आकाराने लहान, बॅटरीवर चालणारी. पण बेस गिटारसारखा आवाज तिला काही काढता आला नाही. शिवाय तिच्यात सुरावट भरणे हा एक छळच होता. आधी सगळे स्वर ओळीने भरायचे, मग त्यांचे कालमान निराळे भरायचे, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही की भलतेच काही वाजू लागायचे. ज्यांच्यासाठी ती केली त्यांनी ती घेतली नाही. जेमतेम दहा हजार नग काढून १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केले. ‘टीआर-८०८’ ही तिची थोरली बहीण, तालाची पेटी. १९८० ते १९८३ या काळात तिचे सुमारे बारा हजार नग निघाले. खऱ्या ढोलासारखी वाजत नाही हा आक्षेप तिच्यावरही होताच. या ८०८ विषयी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सांगून ठेवले आहे की तिच्यातील सळसळता, खरखरता ध्वनी सदोष ट्रान्झिस्टरमुळे येत असे, आणि त्यासाठी नापास झालेले ट्रान्झिस्टर ते मुद्दाम विकत घेत. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याची रीत सुधारली, नापास माल मिळेनासा झाला, आणि ८०८ करणेच अशक्य झाले.

बंद पडलेल्या या पेट्या अमेरिकेत गहाणवटीच्या आणि जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात येऊन पडल्या. ज्या घरांत पियानो कधी आलाच नव्हता त्या घरांतील मुलांना त्या परवडू लागल्या.

या मुलांचे शहर कसे होते हे समजण्यासाठी १९७९ च्या जुलैकडे जावे लागते. १२ जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. रेडिओवरचा एक निवेदक या कार्यक्रमाचा पुढारी होता. डिस्कोची तबकडी घेऊन येणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश. स्फोटानंतर हजारोंचा जमाव मैदानात घुसला आणि इतकी नासधूस झाली की दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याची नोकरी करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा पुढे सांगत राहिला की लोकांनी उडवायला आणलेल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या. हा मुलगा ती नोकरी कशासाठी करीत होता? सिंथेसायझर घेण्याकरता पैसे साठवीत होता. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सबरोबर त्याने केलेले ‘ऑन अँड ऑन’ ही हाऊस संगीताची पहिली तबकडी म्हणून साधारणपणे ओळखली जाते. ज्याच्या संगीताची होळी झाली तोच त्या होळीच्या मजुरीतून वाद्य घेऊ पाहत होता, ही गोष्ट कोणा कादंबरीकाराने लिहिली असती तर आपण तिला अतिरंजित म्हटले असते.

हाऊस हे नाव ‘वेअरहाऊस’ या नाचघरावरून आले. फ्रँकी नकल्स तेथे तबकड्या लावीत असे. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे, आणि त्यांतही बरेचसे समलिंगी तरुण. म्हणजे गोऱ्या समाजाने वंशावरून आणि पुष्कळदा स्वतःच्या घरादारानेही प्रेमाच्या रीतीवरून दूर लोटलेले. दुसरे नाचघर ‘म्युझिक बॉक्स’. तेथे रॉन हार्डी. ही नाचघरे नसती तर ३०३ अडगळीतच राहिली असती असे मला वाटते.

‘फ्युचर’ या गटातील डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या हाती एक जुनी ३०३ आली. ताल सुरू होता, पेटी घुमत होती, आणि पिएर तिची बटणे फिरवू लागला. ती बटणे कंपनीने आवाज एकदा जुळवून ठेवण्यासाठी दिली होती. वाजवीत असताना सतत पिळत राहण्यासाठी दिली नव्हती. त्यांतील एक बटण आवाजाचा वरचा भाग छाटते. दुसरे त्या छाटलेल्या काठाला धार लावते, इतकी की तो काठ शिट्टी मारू लागतो. सुरावट तीच, सोळा खणांच्या आत पुन्हा पुन्हा फिरणारी. बदलतो तो तिचा पोत. ध्वनी आधी घशात गुरगुरतो, मग नाकात येतो, मग किंचाळतो, मग परत घशात उतरतो. मार्शल जेफरसनच्या देखरेखीखाली झालेली आणि ट्रॅक्स रेकॉर्ड्सने १९८७ मध्ये काढलेली ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी सुमारे अकरा-बारा मिनिटे चालते, आणि तिच्यात याखेरीज जवळजवळ काही घडत नाही. धून नाही, गाणे नाही. एक ताल, आणि बटण पिळणारी दोन बोटे.

तबकडी निघण्याआधी तिची ध्वनिफीत हार्डीकडे गेली होती. त्याने म्युझिक बॉक्समध्ये ती प्रथम लावली तेव्हा लोक नाचायचे थांबून बाजूला झाले. त्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी लोक बेभान झाले, असे पिएरने अनेकदा सांगितले आहे. फितीचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून लोक तिला रॉन हार्डीचे ॲसिड म्हणू लागले. नाव समुदायाने दिले. कलावंतांनी ते मागाहून घेतले. माझ्या मते ॲसिड हाऊस पहिल्या वेळी जन्मले नाही, चौथ्या वेळी जन्मले. पहिल्या आणि चौथ्या वेळेच्या दरम्यान फितीवर काहीही बदलले नव्हते. बदलले होते ऐकणारे.

आता मुंबई. चरणजित सिंग हे गिटार, बेस आणि सिंथेसायझर वाजवणारे. शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केले. हा पेशा कसला? पडद्यावर नायकाचा चेहरा, तबकडीवर संगीतकाराचे आणि गायकाचे नाव. वादकाचे नाव बहुधा कोठेच नाही. सिंगापूरहून त्यांनी ‘ज्युपिटर-८’ हा महागडा सिंथेसायझर, ८०८ आणि ३०३ अशी तीन यंत्रे आणली. हिंदी चित्रपटांत तेव्हा डिस्कोची लाट होती. राग वाजवावेत, तबला बंद करावा आणि ठेका डिस्कोचा द्यावा, एवढीच आपली कल्पना होती, असे त्यांनी म्हातारपणी साधेपणाने सांगितले. त्यांनी कधी जनकत्वाचा टेंभा मिरवला नाही. एचएमव्हीने तबकडी काढली. ती खपली नाही.

ही मुद्रिका मी पुष्कळदा ऐकली आहे. ३०३ चे मर्म चरणजित यांना अचूक सापडले होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. आपण जिला मींड म्हणतो तिची ती गरीब चुलत बहीण. शिवाय पेटी एका षड्जाभोवती न थकता घुमत राहू शकते, म्हणजे तंबोऱ्याचे काम आपसूक होते. गिटारवादकांना जी पेटी निरुपयोगी वाटली ती रागसंगीताच्या कानाला उपयोगी वाटली, हे चरणजित यांचे खरे श्रेय आहे. जनकत्वाच्या गोंगाटात नेमके तेच हरवले.

पण त्यांच्या येथे ३०३ साथीला बसलेली आहे. राग वाजतो तो ज्युपिटरवर, हाताने, वरच्या आसनावरून. खाली पेटी घुमते, वर राग चालतो. एके ठिकाणी तर यंत्राच्या आवाजात शिवाचा मंत्रही उच्चारला जातो. शिकागोत वरचे आसनच काढून टाकले आहे. साथीची म्हणून बनवलेली पेटी तेथे बैठकीच्या मध्यभागी येऊन बसली आहे आणि तिच्यावर कोणीही नाही. दोन्हीकडे यंत्र एक, आवाज एकसारखा. पण ध्वनींची समाजव्यवस्था निराळी. जो कान हा फरक ऐकत नाही त्याला केवळ तारखाच दिसणार.

नव्या वाद्याने जुन्या पोथीवर हात ठेवून शपथ घ्यावी, अशी अपेक्षा सगळीकडेच असते. वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये मोग सिंथेसायझरवर बाख वाजवला, ‘स्विच्ड-ऑन बाख’ अफाट खपली, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाले, आणि मग कुठे ते यंत्र अभिजनांच्या पंगतीला बसले. चरणजित यांनी यंत्राला पंगतीत बसवण्यासाठी राग घेतले असे मी म्हणत नाही. त्यांना ते येत होते आणि आवडत होते म्हणून घेतले असावेत. परंतु २०१० नंतरचे आपल्याकडील कौतुक फुगले ते या रागांमुळे. राग म्हटला की परंपरा आली, परंपरा म्हटली की प्राचीनता आली. मग शिकागोची पोरे पाच वर्षांनी मागे न राहता पाच हजार वर्षांनी मागे पडतात. आपल्या लेखनाला रससिद्धान्ताच्या पाटावर बसवून तपासणाऱ्या विद्वानांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने ही मुद्रिका मला मोबाइलवर ऐकवली. “सर, अमेरिकेच्या आधी आपण केलंय हे,” तो म्हणाला. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात, माझेही जात. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, त्याच्या घरातला तो होईल. ‘आपण’ या शब्दाने त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो मला ओळखीचा आहे, म्हणून मी हसण्यावारी नेले नाही. मी विचारले, “हे ‘आपण’ कोण रे? ब्याऐंशी साली ही तबकडी ज्या दुकानात होती, त्या दुकानाची पायरी तुझा-माझा बाप चढला होता का? आणि जे चढले, त्यांनी तरी ती उचलली का?” तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने विचारले, “मग शिकागोवाल्यांना तरी काय मिळालं, सर?”

प्रश्न नेमका होता. मिळाले ते असे : ट्रॅक्स रेकॉर्ड्सकडून आपले मानधन मिळाले नाही, अशी तक्रार हाऊसचे अनेक कलावंत वर्षानुवर्षे करीत राहिले. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२० मध्ये दावा लावला आणि २०२२ मधील तडजोडीत स्वतःच्या रचनांचे हक्क परत मिळवले; तोवर त्या रचनांना तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. दरम्यान ज्या पेट्या कोणी फुकटही घेत नव्हते त्या ‘व्हिंटेज’ झाल्या. आज अस्सल ३०३ ला हजारो डॉलर मोजावे लागतात. म्हणजे फ्युचरच्या तिघांसारखी आजची शिकागोची मुले ती घेऊच शकणार नाहीत. संग्राहकाच्या कपाटात ती काचेआड बसते. तिच्या प्रत्येक बटणाची, प्रत्येक ट्रान्झिस्टरची चर्चा होते, आणि हे बटण उलटे का पिळले गेले, कोणी पिळले, कोणासाठी पिळले, हे त्या चर्चेत तळटीपेसारखे येते.

याला एक चांगला उतारा २००५ मध्ये अमेरिकेतील लिमोर फ्राइड या अभियंतीने दिला. तिने ‘झॉक्सबॉक्स’ नावाची ३०३ ची प्रतिकृती केली आणि तिचा आराखडा सर्वांना खुला केला. सुटे भाग घ्यायचे, स्वतः सोल्डरिंग करायचे, पेटी उभी करायची. दुर्मीळ झालेल्या जुन्या भागांचाही तीत विचार होता. मला हे काम आवडते, कारण गुपित म्हणून जपलेली विद्या येथे पुस्तिकेत छापून दिली आहे. तरीही सोल्डरिंगसाठी मोकळी संध्याकाळ लागते आणि मोकळी संध्याकाळ कोणाला असते हे आपण जाणतो. २०१९ नंतर बेरिंगर कंपनीची स्वस्त नक्कल बाजारात आली. तिच्यावर अभिरुचीवाले नाक मुरडतात, मुरडोत.

हातांनी बनवलेल्या विजेच्या वाद्याचा शोध घ्यायला फार दूर जायचीही गरज नाही. मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांतील बेंजो पहा. जपानमध्ये नागोया येथे १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी टंकयंत्राच्या कळांवरून ‘ताइशोगोतो’ हे वाद्य केले. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले. वस्तीतील कारागिरांनी त्याला पिकअप बसवला, तारा बदलल्या, ते ॲम्प्लिफायरला जोडले, आणि लग्नाच्या वरातीत, गणपतीत, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ते रस्त्यावर आले. बाजूला रोलँडचीच ऑक्टापॅड, कीबोर्ड, ढोल-ताशे. बेंजोला पहिला पिकअप कोणी बसवला? कोणी सांगत नाही आणि बेंजो पार्टीतली पोरे ते विचारीतही नाहीत. त्यांचे भांडण असते ते यंदा कोणाचा बेंजो जास्त वाजला यावरून. या वाद्यावर, त्याच्या कर्त्यांवर आणि त्याच्या ध्वनीवर गांभीर्याने लिहिणारा समीक्षक मला मराठीत तरी क्वचितच दिसला. आवाजाचा उपद्रव म्हणून लिहिणारे मात्र दर सप्टेंबरात भेटतात.

चरणजित सिंग यांना त्यांच्या तबकडीच्या पुनर्जन्मानंतर युरोपातील रंगमंचांवर वाजवण्याची संधी मिळाली. सत्तरी ओलांडलेला हा माणूस यंत्रांपुढे उभा राहून तेच राग वाजवी, आणि समोर पोरे-पोरी नाचत. १९८२ साली त्यांना जो श्रोता मिळाला नव्हता तो आता मिळाला होता. त्या श्रोत्याचे कान आणि पाय म्युझिक बॉक्सच्या अंधारातून, त्या चौथ्या वेळेपासून तयार होत आले होते. रॉन हार्डी १९९२ मध्येच गेला, त्याला यातले काही कळले नाही. चरणजित सिंग ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत वारले. आणि माझ्या त्या विद्यार्थ्याने सध्या त्याच्या तालुक्यातील बेंजो बनवणाऱ्या एका कारागिराकडे जाऊन बसायला सुरुवात केली आहे. काय लिहून आणतो ते पाहायचे आहे.